तीन कोडी, एक गाठोडे

१८९३ साली जर्मनीत वुर्झबुर्ग इथे लष्करी सराव चालला होता. हान्स बर्गर नावाचा एकोणीस-वीस वर्षांचा तरुण घोड्यावरून फेकला गेला आणि तोफेच्या गाड्याच्या वाटेत पडला. गाडा ऐन वेळी थांबला म्हणून तो वाचला. त्याच संध्याकाळी घरून तार आली, सगळे ठीक आहे ना, अशी. त्याच्या बहिणीला अचानक हुरहुर लागली होती आणि तिनेच वडिलांना तार करायला लावली होती. आपली भीती दूरच्या गावी असलेल्या बहिणीपर्यंत पोचली कशी, या प्रश्नाने बर्गरचा आयुष्यभर पिच्छा पुरवला. गणित आणि खगोलशास्त्र सोडून तो वैद्यकाकडे वळला, येनाला मनोविकारतज्ज्ञ झाला आणि मेंदूतून बाहेर पडणारी 'मानसिक ऊर्जा' शोधू लागला. १९२४ साली त्याने माणसाच्या मेंदूतल्या विद्युत्लहरींची पहिली नोंद केली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली.

ती नोंद म्हणजे आजचा ईईजी. फिट येणाऱ्या मुलाच्या डोक्याला तारा लावून जी तपासणी करतात ती. बर्गर निघाला होता टेलीपथीच्या शोधात आणि हाती लागले अपस्माराच्या निदानाचे साधन. टेलीपथी मात्र मिळाली नाही. कवटीवर मिळणारे हे विद्युत्संकेत व्होल्टच्या काही लाखांश भागाएवढे असतात. डोक्याला चिकटवलेल्या तारेलाच ते कसेबसे पकडता येतात, मग दुसऱ्या गावातल्या बहिणीची गोष्टच सोडा.

या कथेत तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. जाणीव म्हणजे काय? दुसऱ्याच्या मनातले यंत्राने वाचता येईल का? आणि ज्या वाटेने हे विचार जातात ती वाट आपल्याला दिसणाऱ्या लांबी-रुंदी-उंचीच्या पलीकडची असेल का? गेली दीडशे वर्षे हे तीन प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले जातात, कारण एक न कळलेली गोष्ट दुसऱ्या न कळलेल्या गोष्टीचे उत्तर आहे असे वाटू लागते. जाणीव कुठे असते? चौथ्या मितीत. विचार कसे पोचतात? तिथूनच. प्रस्तुत आढाव्यात हे गाठोडे सोडून एकेक कोडे वेगळे तपासायचे आहे. तिघांची स्थिती अगदी निरनिराळी आहे, आणि सर्वांत निकडीचा धोका आपण समजतो तिथे नाही.

जाणीव : हरलेली पैज

१९९८ साली जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख आणि तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्यात पैज लागली. मेंदूतल्या पेशींच्या कुठल्या हालचालीमुळे जाणीव निर्माण होते, हे २५ वर्षांत स्पष्ट होईल असे कॉख म्हणत होते आणि होणार नाही असे चाल्मर्स म्हणत होते. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत कॉख यांनी सर्वांसमक्ष हार मानली आणि वाइनची पेटी चाल्मर्स यांच्या हवाली केली. लगेच पुढच्या २५ वर्षांसाठी नवी पैजही लावली.

चाल्मर्स ज्याला 'कठीण प्रश्न' म्हणतात तो समजायला कैरीच्या लोणच्याची फोड पुरेशी आहे. आम्लाचे रेणू जिभेवरच्या कोणत्या पेशींना भिडतात, संदेश कोणत्या मज्जातंतूंनी जातो, लाळ का सुटते, हे सगळे सांगता येते. जे उरले तेही उद्या सांगता येईल. पण या साऱ्या यंत्रणेच्या जोडीला आंबट 'लागते' ते का? ही सगळी कामे अंधारातच, कोणालाही काही न जाणवता, का पार पडत नाहीत? टॉमस नेगेल यांनी १९७४ साली हाच मुद्दा वटवाघळाच्या निमित्ताने मांडला होता. वटवाघळाच्या मेंदूचा तपशीलवार नकाशा हाती आला, तरी वटवाघूळ असणे कसे असते हे त्यातून कळत नाही.

उत्तरे बरीच आहेत. बर्नार्ड बार्स यांनी १९८८ साली मांडलेला आणि स्तानिस्लास दहेन यांनी पुढे नेलेला सिद्धान्त दवंडीसारखा आहे. मेंदूच्या एका कोपऱ्यातली माहिती सगळीकडे पुकारली गेली की आपल्याला तिची जाणीव होते, आणि कोपऱ्यातच राहिली तर होत नाही. जुलिओ टोनोनी यांचा २००४ सालचा सिद्धान्त सांगतो, की एखाद्या रचनेत माहिती किती एकसंध बांधली गेली आहे त्यावर जाणिवेचे प्रमाण ठरते. या दोन्ही पक्षांनी आधीच भाकिते लिहून देऊन एकत्र प्रयोग केले. २५६ जणांच्या मेंदूच्या नोंदी घेतल्या आणि २०२५ साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष छापले. दोघांचीही काही महत्त्वाची भाकिते फसली. त्याआधी २०२३ मध्ये १२४ अभ्यासकांनी सही केलेल्या पत्रात टोनोनींच्या सिद्धान्ताला चक्क छद्मविज्ञान म्हटले गेले. शास्त्रज्ञ इतक्या जाहीरपणे एकमेकांवर धावून जातात, तेव्हा विषय अजून कच्चा आहे असे खुशाल समजावे.

रॉजर पेनरोज यांनी १९८९ पासून पुंज-भौतिकीकडे बोट दाखवले आणि स्टुअर्ट हॅमरॉफ यांच्यासह मेंदूच्या पेशींतल्या सूक्ष्म नलिकांमध्ये जाणिवेचे मूळ शोधले. मॅक्स टेगमार्क यांनी २००० साली हिशेब मांडला, की मेंदूसारख्या उबदार आणि ओल्या जागी अशी नाजूक पुंज-अवस्था सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाइतकीही टिकणार नाही. हॅमरॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला उत्तर दिले. वाद चालू आहे, पण पुराव्याचे पारडे अजून हलकेच आहे.

आपल्याकडच्या दर्शनांनी या वादातली एक मेख फार पूर्वी ओळखली होती. मोहाची फुले किंवा धान्य आंबवले की आधी कशातच नसलेली नशा उपजते, तसे चार भूतांच्या मिश्रणातून चैतन्य उपजते, असे चार्वाकांचे म्हणणे. सांख्यांनी उलट बाजू घेतली. त्यांच्या मते चैतन्य पुरुषाचे, पण मन, बुद्धी आणि अहंकार हे तिन्ही प्रकृतीचे, म्हणजे जड. सांख्य खरे की चार्वाक, हा निवाडा इथे करायचा नाही. पण मन आणि चैतन्य या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात ही त्यांची फोड आजच्या यंत्रांकडे बघताना अतिशय उपयोगी पडते. जाणिवेचे कोडे जसेच्या तसे राहूनही मनातला मजकूर यंत्राच्या हाती लागू शकतो, आणि तो लागू लागला आहे.

मन : कोणाचे अक्षर लागले?

२००६ साली एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर कसलाही प्रतिसाद न देणाऱ्या एका २३ वर्षांच्या तरुणीला एमआरआय यंत्रात ठेवले. टेनिस खेळत असल्याची कल्पना कर, असे तिला सांगितल्यावर हालचालींशी संबंधित भाग उजळला. घरातल्या खोल्यांतून फिरतेस अशी कल्पना कर म्हटल्यावर वेगळे भाग उजळले, अगदी धडधाकट माणसाचे उजळतात तसेच. जिला 'शुद्धीवर नाही' असे म्हटले जात होते ती मुलगी आतून सूचना पाळत होती. २०२४ साली याच पद्धतीच्या मोठ्या पाहणीत, प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांमध्ये अशी आतली हालचाल सापडली. म्हणजे चौघांत एक. या एका आकड्यासाठी आजवरचा सगळा खर्च वसूल झाला असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी झेप बोलण्याची. पक्षाघाताने १८ वर्षे वाचा गमावलेल्या एका महिलेच्या मेंदूवर सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एडवर्ड चँग यांच्या गटाने २५३ इलेक्ट्रोडची पातळ पट्टी बसवली. २०२३ साली तिला मिनिटाला ७८ शब्दांच्या वेगाने पडद्यावरच्या चेहऱ्याद्वारे बोलता आले. स्टॅनफर्डच्या गटाने त्याच वेळी दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत ६२ शब्दांचा वेग गाठला. ही यंत्रे ओठ-जीभ हलवण्याचा प्रयत्न पकडतात, नुसता विचार पकडत नाहीत. २०२५ साली स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी एक पाऊल पुढे टाकले आणि प्रयत्न न करता मनातल्या मनात म्हटलेले शब्दही काही प्रमाणात ओळखले. लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला, की रुग्णाला जे सांगायचे नाही तेही बाहेर पडले तर? त्यांनी कुलूप म्हणून एक परवलीचा शब्दप्रयोग ठरवला. तो मनात म्हटल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही. मनाला पासवर्ड लावण्याची वेळ आली आहे, ही या सगळ्या आढाव्यातली सर्वांत बोलकी बातमी.

बोलण्याच्या या यंत्रांसाठी कवटी उघडावी लागते. शस्त्रक्रियेविना काय जमते? टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेतल्या अलेक्झांडर हुथ यांच्या गटाने २०२३ साली तीन जणांना एमआरआय यंत्रात प्रत्येकी १६ तास गोष्टी ऐकवल्या. मग ऐकलेल्या नव्या गोष्टीचा आशय यंत्राने वाक्यांत मांडला. शब्द चुकत, आशय पुष्कळदा लागे. गाडी चालवण्याचा परवाना अजून नाही, या अर्थाच्या वाक्याचे यंत्राने 'तिने अजून गाडी शिकायलाही सुरुवात केली नाही' असे केले.

हे वाचन आहे का? मोडीचे जाणकार एका कारकुनाचे दप्तर बरेच दिवस चाळतात तेव्हा त्यांना त्याचे अक्षर 'लागते'. तेच जाणकार दुसऱ्या घराण्याच्या दप्तरापुढे काही दिवस अडखळतात. या यंत्राचेही तसेच आहे. एकाच्या मेंदूवर शिकवलेले यंत्र दुसऱ्याच्या मेंदूवर बसवले तेव्हा ते निकामी ठरले. ज्याचे मन वाचायचे त्यानेच मनात प्राण्यांची नावे घ्यायला किंवा दुसरीच गोष्ट रचायला सुरुवात केली, तरी यंत्राची दिशाभूल झाली. शिवाय एमआरआय पेशींची हालचाल थेट पाहत नाही. काही सेकंद उशिरा वाढणारा रक्तप्रवाह पाहते, आणि त्याच्या चित्रातला एक ठिपका लाखो पेशींचा मिळून असतो. गर्दीच्या गोंगाटावरून सभेत काय ठरले याचा अदमास घेण्यासारखे हे आहे. अदमास पुष्कळदा बरोबर येतो, पण त्याला इतिवृत्त म्हणत नाहीत.

पुण्याचा खटला

इतिवृत्त म्हटले गेले ते आपल्याकडे. २००८ सालच्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप दिली. पूर्वीच्या वाग्दत्त वराला प्रसादातून विष दिल्याचा आरोप होता. इतर परिस्थितिजन्य पुराव्यांबरोबर न्यायालयाने मेंदूच्या एका चाचणीचाही आधार घेतला. अशा चाचणीवर विसंबून झालेली ही जगातल्या पहिल्या शिक्षांपैकी एक मानली गेली आणि अमेरिकेतल्या वृत्तपत्रांपर्यंत तिची चर्चा पोचली.

चाचणीचे नाव 'बीईओएस'. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये काम केलेल्या चंपाडी रामन मुकुंदन यांनी ती विकसित केली. संशयिताच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालतात. तो डोळे मिटून बसतो, काहीही बोलत नाही. मग त्याच्याच तोंडी शोभतील अशी प्रथमपुरुषी वाक्ये ऐकवतात. मी विष विकत घेतले, मी त्याला भेटले, अशी, आणि मधूनमधून आकाश निळे आहे अशी निरुपद्रवी. लहरींचा विशिष्ट आकार दिसला, की या माणसाला या घटनेचे 'अनुभवजन्य ज्ञान' आहे असा निष्कर्ष निघतो.

क्षणभर त्या खुर्चीत बसून पाहा. आठवडे चौकशी चाललेली. विषाचा, भेटीचा, प्रसादाचा विषय शंभर वेळा कानावर पडलेला. अंथरुणावर पडल्यावरही तीच चित्रे डोळ्यांपुढे येणारी. आता तेच वाक्य ऐकून मेंदूत लहर उठली, तर ती केल्याची खूण की हजारदा ऐकल्याची? पतंजलींच्या विभूतिपादात हाच फरक वेगळ्या शब्दांत सांगितला आहे. दुसऱ्याच्या चित्ताची अवस्था योग्याला कळेल, पण ते चित्त कशाला धरून आहे ते त्यातून कळत नाही. योग्याला जी मर्यादा घातली ती यंत्राला घालायला आपण विसरलो.

त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही चाचणी शास्त्रीय कसोटीला उतरत नाही, ती तपासात आणि न्यायालयात वापरू नये, असा अभिप्राय दिला. पुण्याच्या प्रकरणात पुढे उच्च न्यायालयाने जामीन दिला. आणि ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या निकालात ठरवले, की नार्को, लाय-डिटेक्टर आणि मेंदूच्या चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चे वचन मनातल्या मजकुरालाही लागू झाले. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतः पुरावा होत नाही, असे न्यायालयाने बजावले.

मिती : गणितातली आणि मांडवातली

आता तिसरे कोडे. १८७७ साली लाइपझिगचे खगोलभौतिकतज्ज्ञ योहान झोल्नर यांनी हेन्री स्लेड या अमेरिकन 'माध्यमा'बरोबर बैठका केल्या. दोन्ही टोके लाखेने बंद केलेल्या दोरीत आपोआप गाठी पडल्या, म्हणून आत्मे चौथ्या मितीत राहतात, असा त्यांनी निष्कर्ष काढला. गणित बरोबर होते. चौथी मिती असेल तर बंद दोरीत गाठ मारता आणि सोडता येते. माणूस मात्र चुकीचा निवडला होता. स्लेडला आदल्याच वर्षी लंडनच्या न्यायालयाने फसवणुकीबद्दल दोषी ठरवले होते आणि तांत्रिक मुद्द्यावर तो सुटला होता.

मितीची कल्पना समजायला कागद पुरे. डाव्या पावलाचा आकार कागदातून कापून पाटावर ठेवा. पाटावर कितीही सरकवा, तो उजव्या पावलाचा होणार नाही. उचलून उलटा केला की झाला. पाटाच्या दोन मितींना जे अशक्य ते तिसरीने चुटकीसरशी केले. तसेच चौथी मिती असती, तर डाव्या पायाची चप्पल उजव्या पायाची करता आली असती. जयंत नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत डाव्या-उजव्याची हीच अदलाबदल आहे. मराठी वाचकाला उच्च मितींची गोडी लावण्यात तिचा वाटा मोठा आहे.

भौतिकशास्त्रात या कल्पनेने गंभीर काम केले. कालुझा यांनी १९२१ साली आणि क्लाइन यांनी १९२६ साली एक जादा मिती घेऊन गुरुत्वाकर्षण आणि विद्युत्चुंबकत्व एकत्र बांधण्याचा प्रयत्न केला. स्ट्रिंग सिद्धान्ताला स्थळकाळाच्या दहा मिती लागतात, १९९५ नंतरच्या एम-सिद्धान्ताला अकरा. पण या मिती असल्याच तर अतिशय बारीक गुंडाळलेल्या. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतक्या अंतरापर्यंत गुरुत्वाकर्षण मोजले, तरी न्यूटनचा नियम जागचा हलला नाही. एरनफेस्ट यांनी १९१७ सालीच दाखवले होते, की अवकाशाच्या मोठ्या मिती तीनपेक्षा जास्त असत्या तर ग्रहांच्या कक्षा टिकल्याच नसत्या. केसापेक्षा बारीक कोनाड्यात आत्म्यांची वस्ती बसवायची, तर ती बसवणाऱ्याने बसवून दाखवावी.

मग २०१७ साली 'मेंदूत अकरा मितींचे विश्व' अशा बातम्या झळकल्या त्यांचे काय? स्वित्झर्लंडच्या ब्लू ब्रेन प्रकल्पाचा तो अभ्यास खरा होता, मथळे मात्र दिशाभूल करणारे होते. प्रत्येकीचा प्रत्येकीशी जोड असलेल्या पेशींचे टोळके किती मोठे, त्यावरून गणितज्ञ त्याला मिती देतात. चार पेशींचे टोळके तीन मितींचे, पाचांचे चार मितींचे. हे जोडणीचे मोजमाप आहे. मेंदूतून कुठे दार उघडत नाही.

अशा मिती आपल्या घरोघरी आहेत. दहावीच्या गुणपत्रिकेत सहा विषयांचे सहा आकडे असतात. गणितज्ञाच्या दृष्टीने ते मूल सहा मितींच्या अवकाशातला एक बिंदू आहे, आणि ज्यांचे गुण सारखे ती मुले त्या अवकाशात शेजारी. मन वाचणारी आजची यंत्रे नेमके हेच करतात. प्रत्येक शब्दाच्या अर्थाला शेकडो आकड्यांची 'गुणपत्रिका' देतात, मेंदूच्या चित्रातल्या हजारो ठिपक्यांची दुसरी बनवतात आणि दोन्हींचा मेळ घालतात. तेव्हा मनोवाचनाचा उच्च मितींशी संबंध आहेच, फक्त तो तक्त्यातल्या रकान्यांचा आहे. झोल्नरच्या बैठकीशी त्याचे नाते नाही.

हिशेब

गाठोडे सोडल्यावर हिशेब असा लागतो. जाणीव हा खरा प्रश्न आहे, पण ती मोजायची कशी यावरच एकमत नाही. उच्च मिती गणितात पक्क्या आहेत, निसर्गात अजून सापडलेल्या नाहीत, आणि मनाचे घर म्हणून त्यांचा एकही पुरावा नाही. मनोवाचन मात्र अर्धवट का होईना, प्रत्यक्षात आले आहे. म्हणून चिंता तिथे करायची. मन अचूक वाचणारे यंत्र अजून दूर आहे. न वाचताच वाचले असे सांगणारे यंत्र येऊन गेले, आणि त्यावर विश्वास ठेवून शिक्षाही झाली.

चिलीने २०२१ साली राज्यघटना दुरुस्त करून मेंदूच्या हालचालींना आणि त्यातून मिळणाऱ्या माहितीला संरक्षण दिले. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ईईजी पट्टा विकणाऱ्या कंपनीला एका ग्राहकाची मेंदूची माहिती पुसून टाकायला लावली. अमेरिकेत २०२४ साली कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियाने असे कायदे केले. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मेंदूच्या माहितीसाठी वेगळा वर्ग नाही. तिचे संरक्षण मोबाइल नंबराइतकेच.

मन वाचल्याचा दावा कोणी केला, मग तो पोलीस असो, ध्यानाचा पट्टा विकणारा असो की चौथ्या मितीतून बोलणारा बाबा असो, त्याला तीन प्रश्न विचारा. यंत्राला या माणसाच्या मेंदूवर किती तास शिकवले? त्याने मनातून नकार दिला तर ते चालते का? आणि निष्कर्ष चुकला तर जबाबदार कोण? ध्यानाचा किंवा झोपेचा पट्टा घेतलात, तर 'मान्य आहे' वर बोट ठेवण्याआधी आतली माहिती कुठे जाते ती ओळ शोधा. आणि कधी कोणी चौकशीच्या नावाखाली डोक्यावर टोपी घालू लागला, तर ५ मे २०१० चा निकाल आठवा. तुम्हाला 'नाही' म्हणता येते.